चिनी नववर्ष आणि युआनश्याओचा कंदील-उत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की लाल कंदिलांचे फोटो फिरू लागतात आणि तेच ते प्रश्न येतात. उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत.

कंदिलांचा सण म्हणजेच चिनी नववर्ष का?

नाही. नववर्ष सुरू होतं वर्षाच्या पहिल्या दिवशी, आणि कंदिलांचा सण येतो पंधराव्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला. नववर्षाला चिनी लोक ‘छुनज्ये’ म्हणतात, म्हणजे वसंताचा सण. पंधराव्या रात्रीला म्हणतात ‘युआनश्याओ’, वर्षाच्या पहिल्या महिन्यातली पौर्णिमेची रात्र. या रात्री नववर्षाचा उत्सव पूर्ण होतो.

दोन्ही रात्रींचा स्वभाव मात्र वेगळा. वर्षाची आदली रात्र घराची असते: दार लावून, सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून जेवायची. युआनश्याओ रस्त्यावर साजरा होतो. शेजारपाजार, अनोळखी माणसं, सगळे कंदील बघायला बाहेर पडतात. मला हा सण आवडतो तो याच क्रमामुळे. आधी घरात, मग गावात.

तारीख दरवर्षी बदलते, ती कशी काढायची?

आपल्याकडे पंचांग वापरणाऱ्याला हे समजायला पाच मिनिटं पुरतात. चिनी महिना अमावास्येला जोडलेला असतो, आपल्या अमान्त महिन्यासारखा. ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो तोच महिन्याचा पहिला दिवस धरतात, आणि हा क्षण बीजिंगच्या वेळेनुसार पाहतात. डिसेंबरातल्या सर्वात लहान दिवसानंतरची दुसरी अमावास्या म्हणजे बहुतेक वर्षी नववर्ष. त्यामुळे ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतं.

२०२६ मध्ये नववर्ष १७ फेब्रुवारीला आणि युआनश्याओ ३ मार्चला. २०२७ मध्ये ६ आणि २० फेब्रुवारी. २०२८ मध्ये २६ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी.

चांद्र वर्ष सूर्यापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मागे पडतं, म्हणून त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, आणि तो ठरवायचा नियम आपल्या नियमाचा सख्खा भाऊ आहे. आपण म्हणतो, ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशिप्रवेश, नाही तो अधिक. त्यांच्याकडे सूर्याच्या मार्गाचे जे बारा मुख्य टप्पे आहेत, त्यांतला एकही ज्या महिन्यात येत नाही तो अधिक. फरक इतकाच की ते सायन गणित करतात, म्हणजे सूर्याची जागा वसंतसंपातापासून मोजतात, आपण निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भात. म्हणून दोघांचे अधिक महिने नेहमी एकाच वेळी पडत नाहीत.

आणि एक गंमतीची गोष्ट. पंधरावी रात्र पौर्णिमेची असली, तरी चंद्र कधी कधी दुसऱ्या दिवशी पुरता भरतो. चिनी लोक म्हणतातच, ‘पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल.’

म्हणजे युआनश्याओ आपल्या कुठल्या पौर्णिमेला येतो?

बहुतेक वर्षी माघी पौर्णिमेला. २०२४ मध्ये २४ फेब्रुवारी आणि २०२५ मध्ये १२ फेब्रुवारी, दोन्ही वेळा माघी पौर्णिमाच होती. २०२६ मध्ये मात्र तो फाल्गुनी पौर्णिमेला येतो, कारण चीनने आपला अधिक महिना २०२५ मध्येच घेतला आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये आहे. त्या ३ मार्चला खग्रास चंद्रग्रहणही आहे.

हा मेळ आजचा नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूने बोधगयेच्या विहाराबद्दल लिहिलंय की तिथले पवित्र अवशेष वर्षातून एकदा, बुद्धाच्या महाप्रातिहार्याच्या, म्हणजे त्याने दाखवलेल्या मोठ्या चमत्काराच्या, पौर्णिमेला, लोकांना दाखवतात. पुढे तो आपल्या वाचकांसाठी खुलासा करतो: भारतातल्या बाराव्या महिन्याचा हा तिसावा दिवस म्हणजे चीनच्या पहिल्या महिन्याचा पंधरावा. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिसावा दिवस. हाच ह्युएनत्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. तिबेटी बौद्ध आजही त्यांच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला बुद्धाच्या प्रातिहार्याचा सण पाळतात. छिंगहाय प्रांतातल्या कुंबुम मठात त्या वेळी लोण्याच्या मूर्ती घडवून दिव्यांच्या उजेडात मांडतात.

आकाशात हजारो कंदील सोडतात, तोच हा सण ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: बहुधा नाही. तुम्ही पाहिलेला फोटो थायलंडच्या चियांग माईचा असण्याची शक्यता मोठी आहे. तिथला यी पेंग उत्सव नोव्हेंबरच्या सुमारास, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतो, आणि त्याचा चिनी नववर्षाशी संबंध नाही.

युआनश्याओचे कंदील मुख्यतः टांगायचे, हातात धरायचे किंवा जमिनीवर उभारायचे असतात. उडते कंदील चिनी परंपरेत जुने आहेत. त्यांना ‘खोंगमिंग’ कंदील म्हणतात. तिसऱ्या शतकातला सेनानी झूग ल्यांग याचं ते दुसरं नाव, आणि कंदिलाचा शोध त्याच्या नावावर सांगितला जातो. पण युआनश्याओला ते सोडण्यासाठी प्रसिद्ध असलेलं ठिकाण म्हणजे तैवानमधलं पिंगशी. डोंगरातलं जुनं कोळसा-खाणीचं गाव, छोटी रेल्वे, आणि कंदिलाच्या चारही बाजूंवर ब्रशने लिहिलेल्या इच्छा.

गोंधळ वाढवणारा आणखी एक सण आहे. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, चंद्राचा सण येतो. तेव्हाही मुलं कंदील घेऊन फिरतात. खूण सोपी: मूनकेक, म्हणजे सारण भरलेली गोल मिठाई, दिसले तर शरद ऋतूचा सण, तांदळाच्या पिठाचे उकडलेले पांढरे गोळे दिसले तर युआनश्याओ.

कंदील लावायची प्रथा सुरू कशी झाली?

एकच उगम सांगता येत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजघराण्याच्या काळात, पहिल्या महिन्यात ‘ताय-ई’ या देवाची संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पूजा चाले, तिथपर्यंत एक धागा नेतात. दुसरा धागा बौद्ध धर्माचा: हान सम्राट मिंग याने बुद्धापुढे दिवे लावायला सांगितलं, अशी परंपरा आहे.

लोककथा जास्त जिवंत आहेत. एका कथेत स्वर्गाच्या सम्राटाचा लाडका बगळा गावकऱ्यांच्या हातून मारला जातो आणि तो पंधराव्या दिवशी गाव जाळायचं ठरवतो. एक शहाणा सल्ला देतो: दारोदारी लाल कंदील लावा, फटाके उडवा. वरून पाहणाऱ्याला वाटतं गाव पेटलेलंच आहे, आणि गाव वाचतं. दुसऱ्या कथेत युआनश्याओ नावाची राजवाड्यातली दासी आईवडिलांच्या आठवणीने झुरत असते. तोंगफांग श्वो हा दरबारी अशीच आगीची भीती घालून सगळ्या नगराला कंदिलांसह बाहेर काढतो आणि त्या गर्दीत मुलीची आणि आईवडिलांची भेट घडवतो. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी माहेरची वाट पाहणाऱ्या आपल्या ओव्या आठवतात.

पण इतिहासातलं कारणही तितकंच सुंदर आहे. तांग राजघराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) राजधानीत रात्री संचारबंदी असे. नगारा वाजला की पेठांचे दरवाजे बंद. वर्षात युआनश्याओच्या तीन रात्री मात्र ती उठवली जाई. पुढे सुंग राजघराण्याच्या काळात या रात्री पाच झाल्या, त्यानंतर मिंग काळात दहा. एरवी घराबाहेर न पडणाऱ्या बायका-मुलींना त्या रात्री शहर बघायला मिळे. म्हणून जुन्या चिनी कवितेत प्रेमिकांच्या भेटी या रात्री होतात. याला ‘चिनी व्हॅलेंटाईन’ म्हणतात ते मला पटत नाही. तो मोकळ्या रस्त्याचा सण होता, प्रेम त्यात ओघाने आलं.

मधल्या पंधरा दिवसांत काय काय असतं?

सुरुवात आधीच होते. बाराव्या महिन्याच्या २३ किंवा २४ तारखेला चुलीच्या देवाला निरोप देतात. तो वर जाऊन घराचा अहवाल सांगणार, म्हणून त्याला चिकट गोड खाऊ घालतात: तोंड गोड व्हावं, किंवा निदान चिकटून बंद राहावं. मग घराची साफसफाई आणि दारावर लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छांच्या जोड-ओळी. आदल्या रात्रीच्या जेवणात मासा हवाच, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन शब्दांचा उच्चार एकच, ‘यू’. उत्तरेत डंपलिंग, म्हणजे ज्याओझ, मध्यरात्रीपर्यंत वळत बसतात.

पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, नशीब बाहेर जाईल म्हणून. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतो, तर ते तिला एक दिवस विश्रांती देतात. दुसरा दिवस लेकींचा: लग्न झालेल्या मुली नवऱ्याला घेऊन माहेरी येतात. पाचव्या दिवशी धनाच्या देवाचं स्वागत होतं आणि बरीच दुकानं उघडतात. नवव्या दिवशी स्वर्गाच्या सम्राटाचा वाढदिवस. आग्नेय चीनमधल्या फूच्येन प्रांताकडच्या लोकांमध्ये त्या दिवशी ऊस लागतोच. आणि पंधराव्याला कंदील.

२०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने छुनज्येला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

उत्सव बघायला कुठे जावं?

आधी सावधगिरीची सूचना. छुनज्येला चीनमध्ये मोठी सरकारी सुट्टी असते आणि सगळा देश प्रवासात असतो. तिकिटं मिळत नाहीत, लहान हॉटेलं बंद असतात. युआनश्याओला मात्र सरकारी सुट्टी नसते. तेव्हा वेळ मोजकाच असेल, तर नववर्षाच्या सुट्टीचा आठवडा टाळून शेवटचे तीन-चार दिवस गाठा. गर्दी असते, पण शहर चालू असतं.

नानजिंगमध्ये छिनहुआय नदीकाठी, कन्फ्यूशियसच्या मंदिराच्या परिसरात जो कंदील-बाजार भरतो तो माझ्या मते सगळ्यात आधी पाहावा. कागदाची कमळं, चाकांवर ओढायचे सशाचे कंदील, आणि ते हातात घेऊन घरी निघालेली माणसं. शांघायची यू बाग देखणी आहे, पण तिथे माणूस पुढे सरकत नाही. शिआनमध्ये जुन्या तटबंदीवर कंदील उभारतात.

हपय प्रांतातल्या न्वानछुआन गावाची गोष्ट वेगळी. तिथे युआनश्याओला लोहार वितळलेलं लोखंड लाकडी पळ्यांनी किल्ल्याच्या गार भिंतीवर भिरकावतात आणि ते फुटून ठिणग्यांचं झाड होतं. म्हणून त्याला ‘झाडाची फुलं उडवणं’ म्हणतात. फटाके परवडायचे नाहीत, म्हणून लोहारांनी हे सुरू केलं असं गावात सांगतात. अंगावर मेंढीच्या कातड्याचा उलटा डगला, डोक्यावर टोपी, आणि पायाखाली तापलेलं लोखंड.

तैवानचा राष्ट्रीय कंदील-उत्सव १९९० मध्ये तायपेत सुरू झाला आणि २००१ पासून दरवर्षी वेगळ्या शहरात भरतो. तिथे मुलांना कागदी हातकंदील फुकट वाटतात. ते आणून ठेवण्यासारखे असतात. ताइनानजवळच्या यानश्वेमध्ये त्याच रात्री हजारो बाण-फटाक्यांच्या भिंती गर्दीवरच सुटतात. एकोणिसाव्या शतकातल्या साथीला पळवून लावण्यासाठी ही प्रथा पडली. तिथे हेल्मेट, जाड कपडे आणि गळ्याभोवती टॉवेल नसेल तर लांबूनच बघा.

मलेशिया-इंडोनेशियातले चिनी लोक या रात्रीला होक्येन, म्हणजे फूच्येनकडच्या, बोलीत ‘चाप गो मे’, म्हणजे पंधरावी रात्र, म्हणतात. पेनांगला अविवाहित मुली समुद्रात संत्री टाकतात, चांगला नवरा मिळावा म्हणून. इंडोनेशियात १९६७ नंतर तीस वर्षांहून अधिक काळ हा सण उघड्यावर साजरा करता येत नव्हता; २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी ती बंदी उठवली. आता पश्चिम कालिमंतानच्या सिंगकावांगमध्ये त्या दिवशी अंगात आलेल्या भगतांची जी मिरवणूक निघते, ती पाहायला देशभरातून लोक येतात.

अमेरिकेत आमच्या गावी ‘चायनीज लँटर्न फेस्टिव्हल’ भरतो, पण तो नोव्हेंबरात! हे कसं?

तो सण नसतो, प्रदर्शन असतं. बघायला जरूर जा. नॉर्थ कॅरोलायनातल्या केअरीत २०१५ पासून असा उत्सव हिवाळ्यात भरत आला आहे, फिलाडेल्फियात २०१६ पासून उन्हाळ्याच्या सुमारास. त्यांतले बरेचसे कंदील सिच्वान प्रांतातल्या झिगोंग शहराचे कारागीर येऊन बांधतात.

झिगोंग मुळात मिठाचं शहर. तिथल्या शनहाय विहिरीचं खोदकाम १८३५ मध्ये हजार मीटरच्या खाली पोहोचलं, तेही बांबू आणि लोखंडी टोकाच्या आघाताने. मिठाच्या पैशावर कंदिलांची हौस वाढली, आणि १९६४ पासून तिथे शहराचा संघटित उत्सव भरू लागला. लोखंडी तारेचा सांगाडा वेल्डिंग करून उभारायचा, आत दिवे, वर रेशमी कापड ताणून चिकटवायचं आणि मग रंगाच्या फवाऱ्याने छटा द्यायच्या. काही कंदील चिनी मातीच्या बशा-कप दोऱ्याने बांधून करतात, काही रंगीत पाण्याच्या काचेच्या बाटल्यांचे, काही रेशमाच्या कोशांचे. ज्यांनी दिवाळीत कामट्या तासून, खळ लावून आकाशकंदील केलाय त्यांनी सांध्यांकडे बघावं. कापड सांध्यावर सुरकुती न पडता वळवणं किती अवघड आहे ते त्यांनाच कळेल.

कंदिलाखाली चिठ्ठ्या लटकतात, त्या कसल्या?

कोडी. सुंग काळापासूनची पद्धत. उत्तर आलं की चिठ्ठी काढून न्यायची आणि छोटं बक्षीस घ्यायचं. पुष्कळ कोडी अक्षरांच्या आकारावर असतात, त्यामुळे भाषांतरात मरतात. एक समजेलसं: ‘हजार ली चालून भेट झाली, एक अक्षर ओळखा.’ ‘ली’ हे अंतराचं माप. ‘हजार’चं अक्षर ‘ली’च्या अक्षरावर बसवलं की ‘जड’ या अर्थाचं अक्षर तयार होतं. तेच उत्तर.

पांढरे गोळे घरी करता येतात का? शाकाहारी असतात का?

उत्तरेत त्यांना युआनश्याओ म्हणतात, दक्षिणेत थांगयुआन. नाव वेगळं तशी कृतीही वेगळी. उत्तरेत सारणाचे घट्ट चौकोन ओले करून सूप-टोपलीत कोरड्या पिठावर घोळवत राहतात, थर चढत जातो. आपल्या हलव्याचा काटा चढतो तसा. दक्षिणेत पिठाची पारी करून सारण भरतात. थांगयुआनचा उच्चार ‘थुआनयुआन’शी, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र येण्याशी, जुळतो, म्हणून ते एकट्याने खायचे नसतात.

शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा: काळ्या तिळाच्या पारंपरिक सारणात डुकराची चरबी असते. पाकीट घेताना घटक वाचा, हॉटेलात विचारा.

घरी करताना मोदकाची पिठी चालत नाही. उकळत्या पाण्यात गोळे फुटतात. चिकट तांदळाचं पीठ हवं, आसामच्या बोरा तांदळासारख्या जातीचं. ते आता मोठ्या शहरांत मिळतं. १०० ग्रॅम काळे तीळ खमंग भाजून कुटा, त्यात ६० ग्रॅम पिठीसाखर आणि ६० ग्रॅम तूप घालून गोळ्या वळा आणि फ्रीजरमध्ये घट्ट करा. २०० ग्रॅम पिठात साधारण १७० मिली कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. उकडीइतकं मऊ झालं की पुरे. पारी करून गोळी भरा, तोंड नीट बंद करा. उकळत्या पाण्यात सोडा, तरंगले की आणखी मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि थोड्या पाण्यासकट वाटीत वाढा. आल्याचं गुळपाणी घातलं तर अप्रतिम लागतं.

काळे तीळ आपल्याकडे तर्पणाचे, म्हणून काही घरांत सणाला नको वाटतात. तिथे शेंगदाण्याचं सारण करा. तेही अस्सल आहे. लहान मुलांना आणि वयस्करांना गोळा कापून द्या, घशात चिकटतो.

शुभेच्छा काय द्यायच्या? भेटीच्या लाल पाकिटात किती पैसे घालायचे?

मँडरिनमध्ये ‘शिन्न्येन ख्वायल’, नववर्षाचा आनंद. ‘गोंगशी फाछाय’ म्हणजे भरभराट होवो. कँटनीजमध्ये तेच ‘गोंग हे फात चोय’. पंधराव्याला ‘युआनश्याओज्ये ख्वायल’.

पाकिटाच्या बाबतीत मराठी माणसाची एक चूक हमखास होते. आपण शंभरावर एक रुपया ठेवतो. चिनी रीतीत शुभप्रसंगी सम आकडा हवा. विषम रक्कम अंत्यविधीला देतात. चार हा आकडाही टाळा, कारण ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार जवळचा. पाकीट लाल, नोटा कोऱ्या, देताना-घेताना दोन्ही हात, आणि देणाऱ्यासमोर उघडायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ भेट देऊ नका: ‘घड्याळ देणं’ हे ऐकायला ‘अंत्यविधी करणं’ असं वाटतं. संत्री किंवा मिठाई, जोडीने, नेहमी चालतात.

‘चिनी नववर्ष’ म्हणावं की ‘चांद्र नववर्ष’?

समोरच्यावर अवलंबून, कारण हे नववर्ष व्हिएतनाम आणि कोरियातही आपापल्या नावाने साजरं होतं. व्हिएतनामी माणसाला ‘तेत’ म्हणा, कोरियनाला ‘सोल्लाल’. जपानने १८७३ मध्येच नववर्ष १ जानेवारीला नेलं.

मुंबईत काही बघायला मिळतं का?

हो, पण शांतपणे जा. माझगावात नवाब टँक रोडला सी यप नावाचं चिनी मंदिर आहे, १९१९ चं. ‘सी यप’ म्हणजे दक्षिण चीनमधले चार तालुके. तिथून गोदीत आणि जहाजांवर कामाला आलेल्या लोकांनी ते बांधलं. योद्धा-देव ग्वान गोंग आणि करुणेची देवता ग्वानयिन यांची तिथे पूजा होते. नववर्षाच्या आदल्या रात्री उरलेली कुटुंबं जमतात, उदबत्त्या लावतात.

‘उरलेली’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यानंतर कित्येकांनी देश सोडला. सिंह-नृत्याचा गजर ऐकायचा असेल तर कोलकात्यात टांगरा आणि तिरेट्टा बाजारात जा. तिथली कुटुंबं नववर्षानंतर हुगळीकाठच्या अछीपूरला जातात. भारतात वसलेला पहिला चिनी मानला जाणारा तोंग आछ्यू याची समाधी तिथे आहे.

मंदिरात फोटो काढण्याआधी विचारा. ते कुणाचं तरी देवघर आहे.

गच्चीवरून उडता कंदील सोडला तर चालेल का?

नको. जळती वात असलेली वस्तू वाऱ्यावर सोडली की ती कुठे उतरेल यावर आपला ताबा राहत नाही. मुंबई पोलिसांनी दिवाळीच्या सुमारास अशा कंदिलांवर बंदीचे आदेश वेळोवेळी काढले आहेत. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या पहिल्या रात्री अशाच कंदिलांनी माकडांच्या घराला आग लागली आणि तीसहून अधिक प्राणी मेले.

मुलांना हौस असेल तर हातकंदील करा. लाल पतंगी कागद आडवा दुमडून दुमडीच्या बाजूने समान अंतरावर कापा, उलगडून गोल चिकटवा, वर कागदाची पट्टी, आत बॅटरीचा छोटा दिवा. काठीला बांधून सोसायटीभोवती एक फेरी मारायची आणि मग घरी येऊन गरम थांगयुआन.

मुलांना घेऊन मोठ्या उत्सवाला जाणं सुरक्षित आहे?

साधारणपणे हो, पण पूल टाळा. २००४ च्या युआनश्याओला बीजिंगजवळ मियुनच्या बागेत पुलावर चेंगराचेंगरी होऊन ३७ जण गेले. तेव्हापासून मोठ्या ठिकाणी एकेरी मार्ग आणि प्रवेशावर मर्यादा असते. कंदील अंधार पडताच लागतात. तेव्हाच, पहिल्या तासात, पोहोचा. मुलाच्या खिशात हॉटेलचं चिनी लिपीतलं कार्ड ठेवा आणि पाऊस-थंडीची तयारी ठेवा. नानजिंगला फेब्रुवारीची रात्र पुण्याच्या थंडीहून फार बोचरी असते.